उमेदवार : सीमेवरील कारकुनीच्या परीक्षेची कहाणी

‘उमेदवार’ हा शब्द आज आपण निवडणुकीच्या संदर्भात अधिक ऐकतो. पण मराठी मुलखात हा शब्द रुजला तो कचेरीच्या ओसरीवर. उमेद म्हणजे आशा. मामलेदाराच्या कचेरीत पगाराशिवाय बसावयाचे, अव्वल कारकुनाच्या हाताखाली बारनिशी लिहावयाची, दप्तरे उचलावयाची, नकला करावयाच्या आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहावयाची, याला ‘उमेदवारी करणे’ असे म्हणत. परीक्षा नव्हती असे नाही. ती रोजच होती, आणि परीक्षक एकच असे : वरचा कारकून. अक्षर वळणदार आहे काय, हिशेब चोख आहे काय, आणि मोडीतील जुना कागद न अडखळता वाचता येतो काय, एवढ्या तीन गोष्टींवर मुलाचे नशीब ठरे.

बेळगाव आणि निपाणी या भागात ही उमेदवारी कशी बदलत गेली, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. कारण येथे केवळ परीक्षा बदलली नाही. परीक्षेची भाषाही पुन्हा पुन्हा बदलली.

एप्रिल १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला मन्रोने घेतला आणि पेशवाईचा हा दक्षिणेकडील मुलूख कंपनीच्या अमलाखाली आला. राज्य बदलले, पण दप्तर बदलले नाही. जमाबंदीचे कागद मराठीत व मोडीत होते. ते लिहिणारे आणि वाचणारे हातही तेच होते. नव्या साहेबाला वसूल हवा होता. त्यासाठी जुने कागद हवे होते. आणि कागदांसाठी जुने कारकून हवे होते. परिणाम असा झाला की, धारवाडच्या आसपास, जेथे शेतकरी कानडी बोलत होता, तेथेही कचेरीची भाषा मराठीच राहिली. १८३६ मध्ये बेळगावचा जिल्हा धारवाडपासून वेगळा झाला, तरी हा रिवाज तसाच चालू राहिला. प्रारंभीच्या सरकारी शाळांतूनही मराठीचे प्राबल्य होते. कानडी घरातील मुलाला सरकारात शिरावयाचे तर त्याने आधी मराठी शिकावे, अशी त्या काळची वहिवाट होती.

ही गोष्ट सीमाभागातील मराठी वाचकाने विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या शिक्षणखात्यातील अधिकाऱ्यांनी कानडी मुलांना कानडीतून शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली आणि १८९० मध्ये धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, त्यामागे ही जुनी खंत होती. आपल्याच गावच्या कचेरीत आपलीच भाषा परकी ठरावी, हे दुःख या प्रदेशात प्रथम कानडी माणसाने भोगले. मराठी माणसाच्या वाट्याला ते पुढे शंभर वर्षांनी यावयाचे होते.

इंग्रजी अंमल स्थिरावला तशी ओसरीवरची उमेदवारी मागे पडून कागदावरची परीक्षा पुढे आली. खालच्या जागांसाठी मराठी शाळेतील शेवटची परीक्षा पुरेशी असे. लोक तिला ‘मुलकी परीक्षा’ म्हणत. ती उतरलेला मुलगा शाळेत शिक्षक किंवा तालुक्याला कारकून होऊ शके. गावोगावी त्याचे कौतुक होई. इंग्रजीची पायरी याहून वरची. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली, आणि त्यानंतर ‘मॅट्रिक’ हा शब्द मराठी घरात असा काही शिरला की, मुलीचे लग्न ठरविताना मुलगा मॅट्रिक आहे की नाही, हा पहिला प्रश्न झाला. बेळगावात मिशनऱ्यांच्या शाळा होत्या, सरदार हायस्कूल होते, १८५६ मध्ये निघालेले सेंट पॉल्स होते. खेड्यातील मुले शहरात येत, नातेवाइकांच्या घरी राहत, वार लावून जेवत आणि कंदिलाच्या उजेडात इंग्रजी व्याकरण घोकत. विद्येची आवड त्यात नव्हती असे नाही. पण आईबापांच्या डोळ्यांसमोर असे ती महिन्याच्या एक तारखेला हातात पडणारी ठराविक रक्कम. पावसावर अवलंबून असलेल्या घराला त्या रकमेचे मोल काय असते, हे ज्यांनी शेती पाहिली आहे त्यांना सांगावयास नको.

पण हे दार सर्वांना सारखे उघडे होते काय? निपाणीपासून हाकेच्या अंतरावर कोल्हापूर संस्थानची हद्द लागे. तेथे शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा सर्वसाधारण कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागा ब्राह्मणांकडे होत्या, आणि कारकुनीच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे अवघ्या १० होत्या. परीक्षा असो वा उमेदवारी, लेखणी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरात होती त्यांच्याच घरात ती फिरत राहिली, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा कोणता हवा? २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. हा हुकूम निपाणीला लागू नव्हता, कारण निपाणी इंग्रजी मुलखात होती. परंतु हुकुमाला हद्द असली तरी बातमीला हद्द नसते. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या माणसाला आपला मुलगा कचेरीत बसू शकेल, हा विचार प्रथम सुचला तो या वाऱ्यामुळे. १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच निपाणीत बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेला आले, तेव्हा शिक्षण आणि सरकारी नोकरी हे प्रश्न या गावाला परके राहिले नव्हते.

मधल्या काळात परीक्षेची साधनेही बदलली. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारातील मोडी मागे सारून बाळबोध लिपी स्वीकारण्याचे ठरविले. ज्या मोडीवर शेकडो कारकुनांची प्रतिष्ठा उभी होती, ती हळूहळू जुन्या दप्तरांच्या अभ्यासकांपुरती उरली. बोरू गेला, टाक आला. टाकाच्या जोडीला टंकलेखनयंत्र आले. सुंदर अक्षराची जागा बोटांच्या वेगाने घेतली आणि बाजारपेठेच्या माडीवर टायपिंगचे वर्ग सुरू झाले. १९४९ मध्ये जुन्या मॅट्रिकची जागा शालान्त परीक्षेने, म्हणजे एस. एस. सी. ने घेतली. त्या वर्षी बेळगावचा मुलगा आणि पुण्याचा मुलगा एकाच मंडळाच्या परीक्षेला बसत होते आणि एकाच राज्याच्या नोकरीची स्वप्ने पाहत होते.

ही समानता फार टिकावयाची नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बेळगाव जिल्ह्याचा उरलेला भाग म्हैसूर राज्यात गेला. या घटनेची चर्चा आजवर नकाशा, मोर्चे आणि आयोग यांच्या भाषेत पुष्कळ झाली आहे. पण नुकताच शालान्त परीक्षा उतरलेल्या अठरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने तिचा अर्थ अगदी साधा होता. ज्या भाषेत त्याने अर्ज लिहावयाचा, त्या भाषेचे अक्षरही त्याला ओळखता येत नव्हते. दहा-अकरा वर्षे शिकलेली विद्या एका रात्रीत निरुपयोगी झाली नव्हती. पण जवळच्या कचेरीत ती पुरेशी राहिली नव्हती. १९६३ मध्ये म्हैसूर राज्याने राजभाषेचा कायदा करून कन्नड ही कारभाराची भाषा ठरविली. राज्याच्या दृष्टीने ते स्वाभाविक होते. कानडी शेतकऱ्याला त्याच्या भाषेत उत्तर देणारा कारकून हवा, यात अन्याय कोणता? प्रश्न होता तो एवढाच की, त्याच तालुक्यातील मराठी शेतकऱ्याच्या मुलाने मधल्या काळात काय करावे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९५६ मध्येच केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी एक निवेदन काढले. नोकरभरतीच्या वेळी राज्यभाषेचे ज्ञान ही पूर्वअट नसावी, उमेदवाराला निवडून घ्यावे आणि उमेदवारीचा काळ संपण्यापूर्वी त्याची राज्यभाषेची परीक्षा घ्यावी, असा त्यातील विचार होता. म्हणजे आधी दार उघडावे आणि मग भाषा शिकवावी. १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेतही या संरक्षणांचा पुनरुच्चार झाला. घटनेतील ३५०-ब कलमान्वये भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमला गेला आणि त्याचे एक विभागीय कार्यालय दीर्घकाळ बेळगावातच होते. योजना उदार होती. परंतु योजना आणि तिची अंमलबजावणी यांच्यामध्ये कचेरीची ओसरी असते, आणि त्या ओसरीवर फार काळ थांबण्याची ऐपत प्रत्येक घराची नसते. वयाची मर्यादा कोणासाठी थांबत नाही.

निपाणीच्या लोकांनी आपल्यापरीने एक वाट काढली. १९६० मध्ये त्यांच्यासाठी जे देवचंद महाविद्यालय उभे राहिले, ते गावाला लागूनच, पण हद्दीपलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुननगर येथे. घर म्हैसूर राज्यात आणि महाविद्यालय महाराष्ट्रात, असा रोजचा प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यानंतर होऊन गेल्या. पण पदवी महाराष्ट्रातील असली तरी रहिवास कर्नाटकातील, हा पेच उरलाच. एका राज्यात भाषा आडवी येई, दुसऱ्या राज्यात पत्ता.

१९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. त्यात निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव शहर म्हैसूरला द्यावे असे सुचविले होते. महाराष्ट्राला तो अहवाल मान्य झाला नाही, आणि तो अमलातही आला नाही. १९८६ मध्ये कन्नड सक्तीच्या विरोधात बेळगाव भागात आंदोलन होऊन त्यात माणसे बळी पडली. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दाव्याचा निकाल काय लागेल तो लागो. मुलांचे वय मात्र तारखांवर तारखा पडत असतानाही वाढतच राहते.

दरम्यान दोन्ही बाजूंच्या अटींना आकार आला. महाराष्ट्राने आपण दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी उमेदवारांना, वादग्रस्त भागातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणल्यास, आपल्या सेवेसाठी अर्ज करण्याची मुभा दिली. म्हणजे रहिवासाचा अडसर दूर झाला; पण तेथे लिपिक-टंकलेखकाच्या जागेला आता पदवी आणि मराठी टंकलेखनाचा मिनिटाला तीस शब्दांचा वेग लागतो. कर्नाटकात द्वितीय दर्जा सहायकाची जागा बारावीनंतरही मिळू शकते. तेथे सामान्य ज्ञानाची एक प्रश्नपत्रिका आणि सामान्य कन्नड किंवा सामान्य इंग्रजीची दुसरी, अशी रचना असते. चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो. मात्र ज्याने शाळेत कन्नड घेतलेली नाही त्याला त्याआधी दीडशे गुणांची कन्नडची सक्तीची परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात निदान पन्नास गुण मिळवावे लागतात. हे पन्नास गुण निवडीत धरले जात नाहीत. पण ते नसतील तर बाकीचे गुणही धरले जात नाहीत.

अलीकडे या चित्रात एक फरक पडला आहे. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाली. त्यामुळे आज मराठी शाळेत शिकणारा मुलगा कन्नड लिपी ओळखत नाही, अशी स्थिती राहणार नाही. दुसरीकडे, केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाने २०२३ मध्ये बारावीनंतरच्या आपल्या परीक्षा हिंदी व इंग्रजीशिवाय आणखी तेरा भाषांतून घेण्यास प्रारंभ केला. त्यांत मराठी आहे आणि कन्नडही आहे. बेळगावच्या एकाच बाकावर बसलेली दोन मुले एकाच जागेसाठी, आपापल्या भाषेत, एकाच प्रश्नाचे उत्तर देऊ शकतात. 

या कहाणीतून एक गोष्ट निघते. १८३० च्या सुमारास मराठी येत नाही म्हणून कानडी मुलगा ओसरीवर थांबला. १९६० नंतर कानडी येत नाही म्हणून मराठी मुलगा थांबला. दोघांचीही बुद्धी कमी नव्हती, दोघांचेही कष्ट कमी नव्हते. कचेरीला लोकांची भाषा आली पाहिजे हे तत्त्व खरेच; पण ज्या तालुक्यात लोकांच्या भाषा दोन आहेत तेथे कचेरीलाही दोन आल्या पाहिजेत, हा त्याच तत्त्वाचा उरलेला अर्धा भाग आहे. तोवर सीमेवरचा शहाणा विद्यार्थी एका हाती मराठी आणि दुसऱ्या हाती कन्नड पुस्तक घेऊन अभ्यासाला बसतो. त्याच्या तयारीला इतरांहून एक विषय अधिक आहे. तो विषय त्याने मागितला नव्हता. पण तो शिकल्यावर मराठी आणि कानडी या दोन्ही शेतकऱ्यांचा अर्ज वाचू शकणारा कारकून तोच होईल, आणि अशा कारकुनाची गरज या मुलखाला १८१८ पासून आहे.