बहिष्काराचे शस्त्र आणि कायद्याची वाटचाल

कायदा समाजाच्या पुढून चालतो की मागून, हा प्रश्न जुना आहे. आमच्या मते दोघेही आळीपाळीने पुढे होतात. आणि याची साक्ष ज्ञातिबहिष्काराच्या इतिहासाइतकी अन्यत्र क्वचितच मिळेल. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने तर तो विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे.

मुंबई इलाख्यात १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनाने, ज्ञातीच्या अंतर्गत प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी हात घालू नये, असे ठरले. रोटीबेटीव्यवहार तोडण्याचा ज्ञातीचा अधिकार त्यामुळे अबाधित राहिला. पुढे १८५० च्या कायद्याने ज्ञातीबाहेर गेलेल्याचा वारसाहक्क बुडू नये, एवढी तजवीज केली. त्याची मालमत्ता सुरक्षित झाली. तो स्वतः मात्र एकटाच राहिला.

१८५६ मध्ये विधवाविवाह कायदेशीर ठरला. येथे कायदा समाजाच्या पुढे गेला. विष्णुशास्त्री पंडित यांच्या प्रयत्नाने १८६९ साली मुंबईत पुनर्विवाह घडून आला, तेव्हा त्यात भाग घेणाऱ्या मंडळींवर शंकराचार्यांचा बहिष्कार आला. कायदा होऊन ३७ वर्षे लोटल्यावरही, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांना वाळीत टाकले. सरकारदरबारी विवाह ग्राह्य, गावदरबारी अग्राह्य! त्याच कर्व्यांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न हा किताब मिळाला. विधवाविवाहाचा कायदा तोच होता. लोकांची मने मधल्या काळात पालटली होती.

ती पालटली म्हणूनच १९४९ मध्ये मुंबई विधिमंडळाला बहिष्कारबंदीचा कायदा करता आला. बहिष्कार घालणाऱ्यास त्यात एक हजार रुपयांपर्यंत दंड होता. परंतु दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंच्या अर्जावरून, धार्मिक पंथास आपले धर्मविषयक व्यवहार स्वतः चालविण्याचा हक्क आहे, या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो बहुमताने रद्द ठरविला. त्यानंतर ५४ वर्षांनी, २०१६ मध्ये, महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. तो २०१७ पासून अंमलात आला. तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. जातपंचायतींच्या जाचाच्या तक्रारी एकविसाव्या शतकातही येत राहिल्या, म्हणून तो करावा लागला, हे विसरता कामा नये.

आज गिरगावापासून दादरपर्यंत आपल्या कित्येक घरांत अन्य ज्ञातींतील सुना व जावई सुखाने नांदत आहेत. त्यांना कोणी वाळीत टाकीत नाही, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु वाळीत न टाकणे आणि आपले मानणे, यांत मोठे अंतर आहे. ज्ञातीबाहेर विवाह केलेल्या कन्येस स्नेहसंमेलनाचे निमंत्रण जाते काय? तिच्या मुलांचा विद्यार्थी गुणगौरवात विचार होतो काय? कायदा बहिष्कार घालणाऱ्यास शिक्षा करील. निमंत्रणपत्रिका पाठविण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल. अशा कन्यांच्या अपत्यांना संस्थेच्या शिष्यवृत्तीस पात्र ठरविणारा ठराव कार्यकारी मंडळाने येत्या वार्षिक सभेपुढे आणावा, अशी आमची नम्र सूचना आहे. ज्ञातिबंधुभगिनींनी तिचा अवश्य विचार करावा.