मार्चच्या उन्हाने गव्हाचा दाणा बारीक का होतो?

पंजाब-हरियाणात गव्हाच्या ओंबीत दाणा भरतो तो मुख्यतः मार्चमध्ये. तेव्हा पारा ३० अंशांच्या बराच वर टिकला की पीक लवकर पिकते, दाण्यात पिष्ट साठायला दिवस कमी मिळतात आणि दाणा सुरकुततो.

२०२२ मध्ये हेच घडले. १९०१ पासूनच्या नोंदींत तो देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाचा उतारा घटला, गुरांसाठी भुसाही कमी पडला. युक्रेन युद्धामुळे भाव आधीच चढले होते. अखेर १३ मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली.

उशिरा पेरलेल्या गव्हाला धोका जास्त. म्हणून वेळेवर पेरणी, उष्णता सोसणारे वाण आणि दाणा भरताना हलके पाणी महत्त्वाचे. पाण्याने फटका कमी होतो, पूर्ण टळत नाही.