जुन्या पडद्याचा मान

२५ जून १९५१ रोजी न्यूयॉर्कमधून सीबीएसने रंगीत टीव्हीचं पहिलं व्यावसायिक प्रक्षेपण केलं. गंमत म्हणजे ते बघायला जवळपास कोणी नव्हतंच. अमेरिकेत तोवर एक कोटीहून जास्त संच घरोघरी पोचले होते, पण सगळे ब्लॅक अँड व्हाइट. सीबीएसचा रंगीत सिग्नल त्यांना वाचताच यायचा नाही. रंग सोडा, साधं करडं चित्रही नीट उमटत नव्हतं. सरकारी मान्यता असूनही चार महिन्यांत प्रक्षेपण बंद पडलं. कारण दिलं गेलं कोरियन युद्धाचं. पण बघायला प्रेक्षकच नसतील तर जाहिरातदार तरी किती थांबणार?

मग १७ डिसेंबर १९५३ रोजी दुसऱ्या पद्धतीला मान्यता मिळाली: एनटीएससी. तिच्यामागची कल्पना जॉर्ज व्हॅलेन्सी या फ्रेंच इंजिनिअरने १९३८मध्येच पेटंट केली होती. लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळे पाठवू नका. आधी उजेड पाठवा आणि रंगाची माहिती त्याच्या सोबत, बाजूला ठेवा. उजेड म्हणजे साधारण ५९ टक्के हिरवा, ३० टक्के लाल आणि ११ टक्के निळा, कारण आपला डोळा त्याच प्रमाणात उजेड मोजतो. जुना संच फक्त उजेड उचलायचा आणि नेहमीसारखं चित्र दाखवायचा. रंगाची माहिती सिग्नलमधल्या मोकळ्या फटींमध्ये बसवलेली असायची. जुन्या संचाला तिचा पत्ताही लागत नसे.

हे फुकटात झालं नाही. रंगाची लहर आवाजाच्या लहरीत लुडबुड करू नये म्हणून सेकंदाला ३० फ्रेमचा वेग किंचित कमी करून २९.९७ करावा लागला. तुमच्या एडिटिंग ॲपमध्ये आजही हा विचित्र आकडा दिसतो. सत्तर वर्षांपूर्वीचे जुने संच चालू राहावेत म्हणून नव्या पद्धतीने सोसलेला तो ओरखडा आहे.

भारतात १९८२मध्ये, दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी रंग आला. आपली पद्धत पाल, जर्मनीतल्या वॉल्टर ब्रुखची; पण उजेड वेगळा आणि रंग वेगळा ही युक्ती तीच. म्हणून रंगीत 'रामायण' सुरू झालं, तेव्हा आमच्या घरच्या ब्लॅक अँड व्हाइट संचावरही ते दिसलं. आईने सगळं करड्या रंगात पाहिलं. पण पाहिलं! कोणी तिला सांगितलं नाही की आधी नवा टीव्ही आणा, मग या.

आता एचडीआरकडे येऊ. नेहमीचा व्हिडिओ साधारण १०० निट उजेड गृहीत धरून बनतो. निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप. नवे पडदे याच्या कितीतरी पट उजळतात, म्हणून २०१४मध्ये डॉल्बीच्या कामातून पीक्यू ही पद्धत प्रमाणित झाली. तिच्यात प्रत्येक आकड्याचा अर्थ ठरलेला असतो, थेट १०,००० निटपर्यंत. मोजमाप एकदम चोख. पण १०० निटचा पांढरा कागद तिथे साधारण निम्म्या आकड्यावर बसतो. पीक्यू न समजणारा पडदा त्या आकड्याला 'अर्धवट करडा' समजतो. लग्नाचा झगमगीत व्हिडिओ एखाद्या फोनवर राख फासल्यासारखा दिसतो, त्यामागे पुष्कळदा अशीच काहीतरी गल्लत असते.

स्ट्रीमिंगवाल्यांना ही अडचण फार जाणवत नाही. सर्व्हर आधी विचारतो, 'तुझा पडदा कोणता?' आणि त्याप्रमाणे फाइल देतो. टीव्हीच्या टॉवरला असं विचारता येत नाही. एकच सिग्नल लाखो घरांत जातो. म्हणून बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने मिळून एचएलजी ही पद्धत बनवली. २०१५मध्ये जपानने ती प्रमाणित केली आणि २०१६मध्ये ती पीक्यूसोबत आंतरराष्ट्रीय प्रमाणात आली.

एचएलजीची युक्ती एका वक्ररेषेत आहे. सिग्नलचा खालचा अर्धा भाग जुन्या टीव्हीच्या ओळखीचा ठेवला. त्यात उजेडाचा पहिला बारावा हिस्सा मावतो: चेहरे, भिंती, सावल्या. उरलेले अकरा हिस्से, म्हणजे सूर्य, दिवे, पाण्यावरची चमक, वरच्या अर्ध्यात लॉगरिदमने दाबून बसवले. नवा पडदा हा दाब सोडवतो आणि चमक मोकळी करतो. जुना पडदा सगळं जुन्याच पद्धतीने वाचतो. त्याच्यावर चमक जरा बसकी दिसते, पण माणसं माणसांसारखी दिसतात. सोबत वेगळी सूचना पाठवावी लागत नाही. पद्धत परिपूर्ण नाही: फार जुन्या संचांना नव्या, रुंद रंगपट्ट्याची ओळख नसते, तिथे रंग फिके पडतात. तरी चित्र पोचतं.

टीव्हीचा टॉवर आता कोण बघतो, असं वाटेल. पण फॅमिली ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ आठवा. तो कुठल्या फोनवर उघडेल, हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसतं. पुण्याच्या चुलत बहिणीकडे नवा फोन, गावच्या काकांकडे सहा वर्षं जुना. फॉरवर्ड म्हणजे एक छोटं प्रक्षेपणच! म्हणूनच २०२०च्या आयफोन १२मधलं डॉल्बी व्हिजन रेकॉर्डिंग एचएलजीच्या पायावर उभं आहे, आणि अँड्रॉइड १३नेही एचडीआर कॅमेऱ्यांसाठी एचएलजी हाच किमान पाया ठरवला.

मी व्हिडिओ प्लेअरचं काम करतो. दर काही महिन्यांनी मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, 'जुन्या फोनचा सपोर्ट काढून टाकू, कोड स्वच्छ होईल.' कोड खरंच स्वच्छ होतो. सीबीएसची पद्धतही स्वच्छ होती आणि तिचे रंग चांगले दिसायचे, असं तेव्हाचे लोक मान्य करत. नव्या गोष्टीची किंमत कुणीतरी मोजणारच असतं. ती सिग्नल बनवणाऱ्याने मोजायची की जुना पडदा घेऊन बसलेल्या माणसाने, एवढाच प्रश्न असतो. एनटीएससी आणि एचएलजी बनवणाऱ्यांनी ती शक्यतो स्वतःकडे घेतली. त्या मीटिंगमध्ये मी हात वर करतो, तो या बाजूने.