तळटीप : पाण्याच्या रेणूतला कोन

१०४.५ अंश : लेखकाने हा आकडा कारण न देता दिला आहे, म्हणून थोडा खुलासा. मध्यवर्ती अणूच्या संयुजा कवचातल्या इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींना दूर लोटतात आणि जमेल तेवढं अंतर राखून बसतात. जोड्या मोजून रेणूचा आकार ओळखण्याची ही वाट सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये दाखवली. १९५७ मध्ये गिलेस्पी आणि नायहोम यांनी ती पक्की केली. मिथेनमध्ये चारही जोड्या बंधांत गुंतलेल्या, म्हणून नेमका चतुष्फलक, कोन सुमारे १०९.५ अंश. अमोनियात एक जोडी एकाकी. तिच्यावर एकाच अणुकेंद्राची ओढ असल्याने ती ऐसपैस पसरते, शेजारणींना दाबते; कोन १०७ अंशांपर्यंत उतरतो. पाण्यात अशा दोन जोड्या. मात्र कोन घटेल एवढंच या नियमावरून कळतं; किती घटेल, ते मोजूनच पाहावं लागतं. हायड्रोजन सल्फाइडमध्ये जोड्यांचा हिशेब पाण्यासारखाच, तरी कोन जेमतेम ९२ अंश! गंधकाचा अणू मोठा आणि त्याची विद्युतऋणता कमी; बंधातल्या जोड्या त्याच्यापासून लांब राहतात, त्यामुळे एकमेकींना फारशा लोटत नाहीत. हे उदाहरण लेखकाने घ्यायला हवं होतं.