लेखकाचा खर्च कोण उचलतो?

मढच्या जेटीवरून फेरीबोटीनं वर्सोवा, तिथून रिक्षानं मेट्रो स्टेशन, मग मेट्रोनं साकीनाका. गेली पाच वर्षं मी याच रस्त्यानं ऑफिसला जातो. याच रस्त्यावर, बहुतेक वेळा उभ्यानं, फोनवर टाइप करत मी एक कादंबरी लिहिली. ती एका प्रकाशकांकडे पाठवली. लेखन आवडलं, पण छपाईचा खर्च लेखकानं उचलायचा, असं त्यांचं उत्तर आलं. चिडून त्या रात्री मी कादंबरी पुन्हा वाचून काढली आणि राग हळूहळू माझ्याकडेच वळला. कुठल्या परिच्छेदाला साकीनाका आलं आणि मी फोन खिशात टाकला, ते मला स्वच्छ दिसत होतं. वर्षभर पूर्ण वेळ मिळाला तर? राजीनाम्याचा मेल लिहिला आणि ड्राफ्टमध्ये ठेवून दिला.

आमच्या धंद्यात नवीन काही सुरू करण्याआधी मॅन्युअल वाचतात. निदान वाचावं अशी अपेक्षा असते. लेखक होण्याचं मॅन्युअल मराठीत १९३१ पासून आहे: ना. सी. फडके यांचं 'प्रतिभासाधन'. कथानक कसं रचावं, पात्रं कशी उभी करावीत, निवेदन कुणाच्या तोंडी द्यावं, हे सगळं फडके वर्गात शिकवावं तसं सांगतात. लेखन हे दैवी देणं आहे म्हणून हात जोडून बसायची गरज नाही, त्याला तंत्र आहे आणि ते शिकता येतं, हा त्यांचा मुद्दा. इंजिनिअरला तो फारच पटतो. पुढे या तंत्राची भरपूर टिंगल झाली. १९४० च्या दशकात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेनं फडक्यांच्या घाटाची कथा मागे टाकली. आज फडक्यांच्या सत्तरहून अधिक कादंबऱ्यांपैकी एखादी तरी वाचलेला माझ्या वयाचा माणूस मला भेटलेला नाही. मीही एकच वाचलीय, तीसुद्धा अर्धी.

पण मला हवं असलेलं प्रकरण त्या पुस्तकात नव्हतं. कादंबरी लिहून होईपर्यंत घरभाडं कुणी भरायचं? त्याचं उत्तर फडक्यांच्या चरित्रात सापडलं. ते १९२६ ते १९४९ कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. 'प्रतिभासाधन' लिहिणाऱ्या हाताला पगार मिळत होता.

मग मी उलट बाजूनं शोधायला लागलो. एकेका लेखकाचं नाव घ्यायचं आणि त्याचा पगार कुठून यायचा ते बघायचं. हरिभाऊ आपटे यांना मराठी कादंबरीचे जनक मानतात. त्यांना पदवी मिळाली नाही, पण काकांनी १८८८ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि पोटापाण्याचा प्रश्न मिटला. त्या आधारावर त्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि स्वतःच्या कादंबऱ्या त्यात प्रकरणाप्रकरणानं छापल्या. (दर आठवड्याला मजकूर द्यायचाच, ही डेडलाइन त्यांनी स्वतःच स्वतःवर लादून घेतली. मला कुणी एकच सल्ला मागितला तर मी हा देईन.) 'जीवनासाठी कला' म्हणत फडक्यांशी वाद घालणारे वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, आणि नंतर सिनेमासाठी लिहीत होते. कला कशासाठी यावर दोघांचं कधी जमलं नाही, पण दोघांच्याही घरी महिन्याच्या महिन्याला पैसे यायचे. फडक्यांचं तंत्र मोडणाऱ्यांचीही तीच गत: गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक, गोखले शेतीशास्त्रज्ञ, माडगूळकर पुणे आकाशवाणीत.

मालतीबाई बेडेकर यांच्यापाशी मी जास्त वेळ थांबलो. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा त्या विभावरी शिरूरकर या नावाआड होत्या. शिक्षिकेच्या नोकरीतल्या बाईनं स्त्रियांच्या मनातलं असं उघड लिहिणं त्या काळी किती महागात पडलं असतं, ते नाव कळण्याआधीच उठलेल्या गदारोळानं दाखवून दिलं. पुढे त्यांनी सोलापूरला सरकारी नोकरी केली, इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीवर. त्यातून 'बळी' ही १९५० ची कादंबरी आली. म्हणजे पगार देणारी जागाच कादंबरीचा विषयही देऊन गेली. माझ्या ऑफिसातून 'बळी' निघेल असं काही मला वाटत नाही. पण मी पाच वर्षांत तिकडे त्या नजरेनं एकदाही पाहिलं नव्हतं, हेही खरं.

एवढं जमवल्यावर राजीनाम्याचा मेल डिलीट करायला हरकत नव्हती. पण या यादीत एक नाव बसत नव्हतं. एका गुरुवारी मी साकीनाक्याला उतरलो नाही, शेवटच्या स्टेशनपर्यंत गेलो. घाटकोपर. तिथून चिरागनगर चालत जाता येतं.

अण्णाभाऊ साठे इथल्या झोपडीत राहिले. वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्म, शाळा दीड दिवसाची, लहानपणी घरच्यांबरोबर पायी मुंबई. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरओळख पक्की केली. हमाली केली, गिरणीत काम केलं. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. आणि याच वस्तीतून कादंबऱ्या आल्या, तीसच्या वर. 'फकिरा' १९५९ ची. अर्पण केलीय बाबासाहेबांच्या लेखणीला, प्रस्तावना खांडेकरांची. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले, त्याच वर्षी 'वैजयंता'वर सिनेमा निघाला. दोन वर्षांनी 'फकिरा'वर. वाचक, पुरस्कार, भाषांतरं, सिनेमे, परदेशप्रवास... 'यशस्वी लेखक' या शब्दांत आपण जे जे कोंबतो ते सगळं त्यांच्याकडे होतं. तरी शेवट हलाखीतच झाला, १८ जुलै १९६९ ला, गोरेगावच्या सिद्धार्थनगरात. गोरेगाव म्हणजे आमच्या मालाडच्या अलीकडचं स्टेशन.

गरिबीनंच त्यांच्याकडून हे लिहवून घेतलं, असं भाषणांत ऐकू येतं. मला ते चीड आणणारं वाटतं. गरिबीनं त्यांना लिहायला काय काय दिलं ते बाजूला ठेवू. तिनं घेतलं किती, ते मोजता येतं. फडके ८४ वर्षं जगले. अण्णाभाऊ ४९ पूर्ण व्हायला दोन आठवडे असताना गेले. मधली पस्तीस वर्षं म्हणजे किती 'फकिरा'? बरं, तंत्राचं पुस्तक आणि कॉलेजची नोकरी असलेल्या फडक्यांपेक्षा आज गावोगावच्या जयंत्यांत, स्टॉलवर, तरुणांच्या हातात पुस्तकं अण्णाभाऊंचीच दिसतात. म्हणजे पगारानं पुस्तक टिकतं असंही नाही. पगारानं लेखक टिकतो, एवढंच.

चिरागनगरच्या गल्ल्यांतून तासभर फिरलो. कुणाला काही विचारायचा धीर झाला नाही. दुपारी ऑफिसला पोचलो तर मॅनेजरनं फक्त 'ट्रॅफिक?' एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

त्या रात्री राजीनाम्याच्या आधी नियुक्तीपत्र उघडलं. नोटीस पीरियड किती ते बघायचं होतं. चौथ्या पानावर एक कलम होतं, जे मी सही करताना वाचलं नव्हतं: नोकरीच्या काळात कर्मचाऱ्यानं निर्माण केलेल्या सर्व लेखनावर आणि कोडवर कंपनीचा हक्क. सर्व लेखनावर! फेरीबोटीतल्यासुद्धा? एचआरला मेल केला. तिकडून एक फॉर्म आला. नोकरीबाहेरच्या कामाचा तपशील भरून द्या, लेखी परवानगी मिळेल.

फॉर्ममध्ये कामाचं नाव, स्वरूप आणि 'अपेक्षित उत्पन्न' असे रकाने आहेत. पहिले दोन भरले. तिसऱ्यात आधी शून्य लिहिलं, मग ते खोडलं. छपाईचा खर्च मीच द्यायचा असेल तर आकडा वजा लिहावा लागेल, आणि त्या रकान्यात वजाचं चिन्ह बसत नाही.