शिंगे कोणाची? एका इंग्रजी वाक्प्रचाराविषयी

टाळत आणलेल्या अवघड प्रश्नाला आडवळणे न घेता, धीटपणे थेट हात घालणे, या अर्थाने इंग्रजीत ‘टेक द बुल बाय द हॉर्न्स’ असे म्हणतात. बातमीच्या घाईत त्याचे ‘बैलाला शिंगांनी धरले’ असे शब्दशः भाषांतर होते. आशय पोहोचतो, पण वाक्य परके वाटते. त्याहून मोठी गफलत होते ती जवळचा म्हणून ‘शिंगावर घेणे’ हा वाक्प्रचार योजल्यावर.

इंग्रजी प्रतिमेत शिंगे संकटाची असतात आणि माणूस ती रिकाम्या हातांनी धरतो. मराठीत कोणी कोणाला शिंगावर घेतो तेव्हा शिंगे घेणाऱ्याचीच असतात. तो समोरच्यावर तुटून पडतो. ‘शिंगे फुटली’ असे म्हणतानाही ती माणसालाच फुटलेली असतात. गोमंतकीय वाचकाला याचे नवल वाटू नये. 1996 साली उच्च न्यायालयाने धिरयोंवर बंदी घातली, तरी ते दृश्य आपल्या ओळखीचे आहे. तिथे बैल बैलाला भिडतो, माणूस शिंगे धरायला पुढे होत नाही.

म्हणून ‘मंत्र्यांनी विरोधकांना शिंगावर घेतले’ हे वाक्य निर्दोष, तर ‘मंत्र्यांनी खाणप्रश्न शिंगावर घेतला’ हे चुकीचे. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यानंतर उभ्या राहिलेल्या प्रश्नाविषयी लिहायचे, तर ‘प्रश्नाला थेट हात घातला’ किंवा ‘प्रश्नाला भिडले’ असे लिहावे. तेही खरोखर हात घातला असेल तरच. नुसती समिती नेमली असेल तर ‘समिती नेमली’ एवढेच पुरे.

इंग्रजी वाक्प्रचारात निवड गृहीत आहे: बाजूला होणे शक्य असूनही माणूस पुढे होतो. पुराने वेढलेल्या कुटुंबाला अशी निवड नसते. ते संकटाला ‘तोंड देते’. ‘दोन हात करणे’ यात झुंज आहे, केवळ सोसणे नाही. ‘वाघाच्या जबड्यात हात घालणे’ यात धाडसाइतकाच जिवाचा धोका आहे. रखडलेली फाईल मार्गी लावणाऱ्या अधिकाऱ्यासाठी ते खर्ची घालू नये. खवळलेल्या समुद्रात उडी घेणाऱ्या जीवरक्षकाबाबत मात्र बैल आणि वाघ दोन्ही बाजूला ठेवून ‘जिवाची पर्वा न करता’ असे सरळ लिहावे.