तळटीप : डॉ. विष्णु माधव घाटगे

नाशिकजवळच्या ओझर येथील विमान कारखान्याच्या संदर्भात येथे उल्लेखिलेले घाटगे (जन्म १९०८) हे मूळचे वायुगतिकीचे, म्हणजे वाहती हवा आणि तिच्यातून जाणारी वस्तू यांच्यातील बलांच्या शास्त्राचे, अभ्यासक होत. विमानाच्या पृष्ठभागाला लगटून वाहणारा, घर्षणाने मंदावलेला हवेचा पातळ थर, अर्थात सीमास्तर, ही संकल्पना १९०४ मध्ये मांडणाऱ्या लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी जर्मनीत ग्योटिंगेन येथे डॉक्टरेट मिळवली आणि पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन केले. ओझरला मिग-२१ ची बांधणी सोव्हिएत परवान्याने झाली. घाटगे यांच्या आराखड्यावरून घडलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान मात्र त्यापूर्वीच, १९५१ मध्ये, उडाले होते, आणि हा क्रम ध्यानात घेतल्याखेरीज वरील परिच्छेदाचा अर्थ नीट लागत नाही.